‘हे कधी येणार?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं



साठी बुद्धी नाठी, ही म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. साठी ओलांडल्यापासून मला ती जरा जास्तच ऐकू येते. दुधाचा हिशोब वहीत दोनदा लिहिला गेला, चष्मा देवघरात राहिला, की घरातलं कुणीतरी हसत हसत ती म्हणणारच. म्हण नुसती लोकांची नाही, तिला शास्त्राचाही आधार आहे. चरकसंहितेत साठीनंतरच्या वयाला जीर्ण म्हटलं आहे, आणि त्या वयात समजून घेणं, धरून ठेवणं, आठवणं, बोलणं या सगळ्या शक्ती उतरणीला लागतात असं सांगितलं आहे. शार्ङ्गधराने मात्र वेगळा तक्ता मांडला. दर दहा वर्षांनी माणसाची एकेक गोष्ट कमी होते असं तो म्हणतो. त्याच्या तक्त्यात साठीला दृष्टी जाते आणि बुद्धी जाते ती थेट नव्वदीला. मी कॉमर्सवाली, मला हा तक्ता जास्त पटतो. (मेधा तो चाळिशीतच काढून घेतो, तेवढं सोडून देऊ.)

या म्हणीने आणि ‘म्हातारचळ’ या आपल्या दुसऱ्या शब्दाने एक नुकसान मात्र केलं. ज्यांना खरोखर रोग झाला होता, त्यांचा रोग या दोन शब्दांत बुडून गेला. घरात एखादी आजी रात्री उठून कडी काढायची, मेलेल्या माणसाची वाट बघायची, जेवून उठल्यावर ‘मला जेवायला दिलं नाही’ म्हणून शेजारी सांगायची, तर लोक म्हणायचे, चळ लागलाय. रोगच नाही म्हटल्यावर सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला कुणी काही शिकवायचा प्रश्नच येत नव्हता.

आज मला या रोगाचा, म्हणजे डिमेंशियाचा, इतिहास सांगायचा आहे. पण डॉक्टरांच्या बाजूने नाही. औषधांचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण रोग बरा करणारं औषध अजून नाही. मला सांगायचा आहे तो उत्तरांचा इतिहास. विसरलेलं माणूस पुन्हा पुन्हा विचारतं आणि समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. काय उत्तर द्यायचं, यावर जगात गेली साठ वर्षं वाद चालला आहे, आणि तो आपल्या व्रतांपर्यंत येऊन पोचतो.

सुरुवात जर्मनीतल्या फ्रँकफुर्टपासून करते. कार्ल डेटर हा तिथल्या रेल्वेत कारकून होता. त्याची बायको आउगुस्टे, लग्न १८७३चं, एक मुलगी, साधा संसार. १९०१च्या मार्चमध्ये ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली, शेजारणीबरोबर फिरायला जातो म्हणून. मग स्वयंपाकात चुका व्हायला लागल्या. घरखर्चाच्या पैशांचं भान राहिना. वस्तू लपवून ठेवायची, घरभर येरझाऱ्या घालायची, शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंट्या वाजवायची. तेव्हा ती पन्नाशीत होती. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्या गल्लीतल्या कुणाचंही वर्णन आहे. स्वयंपाक, पैसे, लपवालपवी, संशय: डॉक्टरच्या कितीतरी आधी हा रोग स्वयंपाकघराला कळतो.

२५ नोव्हेंबर १९०१ला आउगुस्टेला मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर अलॉइस आल्त्सहायमर तिच्याशी बोलायला बसले. त्याच वर्षी त्यांची स्वतःची पत्नी वारली होती. आपण ज्याला अल्झायमर म्हणतो ते हेच नाव. त्यांनी प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. तुमचं नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? आउगुस्टे, असं वाटतं. जेवताना तिच्या ताटात फ्लॉवर होता आणि मांस होतं. काय खाताय विचारलं तर म्हणाली, पालक. पेन्सिल, किल्ली, पैशांची पिशवी दाखवली तर बरोबर ओळखायची. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर ‘श्रीमती’ एवढंच लिहून थांबली, पुढचं विसरली. हिशोबही घातला: सहा अंडी घेतली, एकाला सात नाणी, तर किती झाले? ती म्हणाली, निराळं. उत्तर चुकलं खरं, पण ज्या बाईने आयुष्यभर घरखर्च चालवला, तिला तो प्रश्न कसा लागला असेल हे मला त्या एका शब्दातून कळतं. मधूनमधून ती म्हणत राहायची की मी स्वतःला हरवून बसले आहे. तेही डॉक्टरांनी लिहून ठेवलं.

कार्लबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. इस्पितळाचा दर महिन्याचा खर्च त्या कारकुनाला झेपत नव्हता. तिला स्वस्तातल्या संस्थेत हलवावं अशी विनंती त्याने अनेकदा केली आणि डॉक्टरांनी ती थोपवून धरली, कारण त्यांना ही केस हातची जाऊ द्यायची नव्हती. एकीकडे महिन्याचं बिल आणि दुसरीकडे विज्ञान, अशी ती ओढाताण होती. १९०३ साली डॉक्टर गाव सोडून गेले, पण तिच्या तब्येतीची खबर घेत राहिले. शेवटी ती पाय पोटाशी घेऊन नुसती पडून असे. ८ एप्रिल १९०६ला ती गेली, वय ५५. मृत्यू मेंदूच्या रोगाने थेट झाला नाही; पडून राहून अंगाला झालेल्या जखमांतून विष रक्तात पसरलं. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे त्यांना कूस बदलणं, पाठ कोरडी ठेवणं, चादरीची एक सुरकुती न राहू देणं यांचं महत्त्व सांगायला नको. जगातली या रोगाची सर्वांत प्रसिद्ध रुग्ण बेडसोरने गेली.

तिचा मेंदू आल्त्सहायमरांकडे म्युनिकला पाठवला गेला. त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि ३ नोव्हेंबर १९०६ला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यातले गोळे आणि गुंते डॉक्टरांसमोर मांडले. एकानेही प्रश्न विचारला नाही. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला आल्त्सहायमरांचं नाव दिलं. पण हा रोग तरुण वयातल्यांचा, पासष्टीनंतरचं विसरणं ते म्हातारपणाचं, अशी वाटणी त्यानंतर पक्की झाली. म्हणजे तिकडेही ‘साठी बुद्धी नाठी’च! ही वाटणी मोडायला १९६८ उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी वृद्धांचे मेंदू तपासून दाखवलं की बदल तेच आहेत. १९७६ साली अमेरिकेतले रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठणकावून लिहिलं की म्हातारपणातला हा रोग आणि आल्त्सहायमरांचा रोग एकच, आणि तो प्रचंड प्रमाणात आहे. तेव्हा कुठे कुटुंबं एकत्र यायला लागली. १९८० साली अमेरिकेत त्यांची राष्ट्रीय संघटना झाली. तिचे पहिले अध्यक्ष जेरोम स्टोन हे उद्योजक होते आणि त्यांच्या पत्नीलाच हा रोग होता. १९८१ साली नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी सांभाळणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘छत्तीस तासांचा दिवस’ अशा अर्थाचं आहे. ज्याने हे केलंय त्याला नावाचा अर्थ विचारावा लागणार नाही.

आता उत्तरांकडे वळते.

आल्त्सहायमरांच्या प्रश्नांना बरोबर आणि चूक अशी दोनच खाती होती, आणि डॉक्टरला तपासणीसाठी ती लागतातच. गंमत अशी झाली की सांभाळण्याची पहिली पद्धतसुद्धा याच चालीवर निघाली. अमेरिकेत जेम्स फॉल्सम या डॉक्टरांनी माजी सैनिकांच्या इस्पितळांत, पुढे अलाबामातल्या टस्कलूसा इथे, परिचारिका ल्युसिल टॉलबी यांच्याबरोबर ती बसवली. १९६६ साली त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. तिला रिॲलिटी ओरिएंटेशन म्हणतात, म्हणजे वास्तवाचं भान देणं. भिंतीवर मोठा फळा. त्यावर या जागेचं नाव, आजचा वार, तारीख, हवा कशी आहे, पुढचं जेवण कोणतं. रोज अर्धा तास वर्ग आणि बाकी दिवसभर जो भेटेल त्याने हेच सांगत राहायचं. रुग्ण चुकला तर दुरुस्त करायचं.

या पद्धतीला नंतर लोकांनी फार नावं ठेवली, पण तिचं श्रेय तिला द्यायला हवं. त्याआधी अशा माणसांना खुर्चीत बसवून ठेवायचे आणि विसरून जायचे. यांच्याशी दिवसभर कुणीतरी बोललं पाहिजे, असं या पद्धतीने पहिल्यांदा ठरवलं. पुढे लंडनमध्ये एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीचा चांगला भाग घेऊन, चूक-बरोबर न करता गटात गप्पा, खेळ, जुनी गाणी असा कार्यक्रम तयार केला. त्याचा उपयोग होतो हे २००३ साली तपासून दाखवलं गेलं. साध्या घरगुती पातळीवरही मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर आणि मोठं घड्याळ समोर असलं तर सुरुवातीच्या काळात त्या माणसाला खूप आधार होतो. आपल्याकडे तर तिथीचं कॅलेंडर भिंतीवर असतंच.

पण फळ्यावर न मावणारे प्रश्न असतात.

माझ्या सासूबाईंना शेवटची पाचेक वर्षं हा रोग होता. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, आमच्या घरी जेवणाची गडबड असते त्या वेळेला, त्या दाराशी येऊन विचारायच्या, ‘हे कधी येणार?’ मामंजींचं आडत दुकान होतं, ते सूर्यास्ताआधी जेवायला यायचे, ती वेळ सासूबाईंच्या अंगात मुरलेली. तारीख गेली, वार गेला, आमची नावं गेली, पण ती वेळ गेली नाही. माझ्या नणंदबाई व्रताच्या फार कडक. त्या म्हणायच्या, आईशी खोटं बोलायचं नाही, आणि सांगायच्या, ‘आई, बाबा गेले की ग.’ सासूबाईंना ते दर वेळी नवीन असायचं. त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडायच्या आणि तासाभराने परत दाराशी. थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, ‘बाजारात गेलेत, येतील.’ त्याने सासूबाई गप्प व्हायच्या, पण दारातून हलायच्या नाहीत, कारण येणाऱ्या माणसाची वाट बघायलाच हवी ना! नणंद आणि जाऊ यांच्यात यावरून अबोला झाला. एकीचं म्हणणं तू आईला रडवतेस, दुसरीचं म्हणणं तू आईला फसवतेस. दोघी जीव लावून करत होत्या आणि दोघीही आपल्या जागी खऱ्या होत्या.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं की हेच भांडण तिकडे पुस्तकांतून चाललं होतं. नेओमी फाइल ही बाई १९३२ साली म्युनिकमध्ये जन्मली. नाझींमुळे कुटुंब अमेरिकेला आलं. क्लीव्हलँडमध्ये तिचे वडील एका वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक होते आणि आई तिथेच समाजसेविका, त्यामुळे तिचं बालपणच म्हाताऱ्या माणसांत गेलं. १९६३च्या सुमारास ती स्वतः तिथे काम करू लागली आणि तिच्या लक्षात आलं की फार विसरलेल्या माणसांना वास्तव सांगत राहिलं की ती एकतर चिडतात नाहीतर मिटून जातात. १९८२ साली तिचं पुस्तक आलं. तिच्या पद्धतीला व्हॅलिडेशन म्हणतात. म्हातारी आपल्या आईला हाक मारत असेल तर ‘तुमची आई वारली’ म्हणायचं नाही. पण, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, ‘येईल हं आई’ असंही म्हणायचं नाही. फाइलचं म्हणणं होतं की मनाच्या तळाशी कुठेतरी त्यांना खरं ठाऊक असतं आणि खोट्याने त्यांचा विश्वास तुटतो. मग काय म्हणायचं? विचारायचं: आईची आठवण येते का? ती कशी होती? काय करायची तुमच्यासाठी? प्रश्नामागे जी भावना आहे तिला उत्तर द्यायचं. फाइलचा एक व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला आहे. जवळजवळ बोलणं बंद झालेल्या एका वृद्धेच्या अगदी जवळ बसून ती चर्चमधली गाणी म्हणते आणि ती वृद्धा खुर्चीच्या हातावर ताल धरते. आपल्याकडे णमोकार मंत्र शेवटपर्यंत ओठांवर राहतो, तो अनुभव अनेकींनी घेतला असेल.

सगळं शास्त्रीय कसोटीवर उतरलंय असं नाही. व्हॅलिडेशनने रोगाचं काही सुधारतं याचे भक्कम पुरावे संशोधकांना मिळालेले नाहीत. पण आपला प्रश्न रोग सुधारण्याचा नाहीच, तोंड कसं द्यायचं याचा आहे.

आता आपल्या व्रताचं बघू. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सत्याणुव्रताची व्याख्या आहे. स्थूल खोटं स्वतः बोलायचं नाही, दुसऱ्याकडून बोलवायचं नाही, हे तर आहेच. पण तिथेच पुढे आहे की दुसऱ्यावर संकट आणणारं सत्यही बोलायचं नाही. नणंदबाई पहिला भाग पाळत होत्या, दुसरा नाही. आणि जाऊबाई दुसरा पाळताना पहिला मोडत होत्या. मी ती व्याख्या परत परत वाचते तेव्हा मला दिसतं की आचार्यांनी दुखावणारं सत्य बोलायला मनाई केली आहे, पण त्याच्या जागी खोटं बोला असं म्हटलेलं नाही. दोन्हींच्या मधे जी जागा उरते, तीच जागा क्लीव्हलँडच्या त्या बाईने आपल्या अनुभवाने शोधली. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तर सगळ्या व्रतांचं मूळ अहिंसेतच दाखवलंय: खोटं बोलणं हे पाप कशासाठी, तर त्यात हिंसा आहे म्हणून. या कसोटीवर रोज संध्याकाळी नव्याने वैधव्य देणं कुठे बसतं, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत मी सांगून टाकते. ते हिंसेत बसतं.

आमच्या घरात ही मधली जागा सापडली ती ग्रंथातून नाही की इंग्रजी पुस्तकातून नाही. सासूबाईंना दिवसा सांभाळायला एक मावशी यायच्या, शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांनी मामंजींना पाहिलेलंही नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, हे कधी येणार, तर त्या सहज म्हणाल्या, ‘आजी, कसे होते हो आजोबा? जेवायला काय लागायचं त्यांना?’ सासूबाई दारातून आत आल्या, पाटावर बसल्या आणि सांगू लागल्या. गुळाचा भाव, कढीत काय घालायचं, कुठल्या गाडीवानाला मामंजी कसे रागावले. जाऊबाई आणि नणंदबाई दोघी ऐकत उभ्या. त्यातली निम्मी माहिती त्या दोघींनाही नवीन होती.

तत्त्वार्थसूत्रात अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्य सांगितलं आहे, म्हणजे सेवा. ज्यांची सेवा करायची अशा दहांच्या यादीत ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधू आहे. ते साधूंसाठी सांगितलेलं असलं तरी तप म्हणून सांगितलंय, हे मला त्या मावशींकडे बघून कळलं. उपवासाला जसं बळ लागतं तसंच दिवसातून वीस वेळा एकाच प्रश्नाला पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायला लागतं.

तिकडे वाद थांबलेला नाही. जर्मनीतच, ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमाने बाहेर खोटा बसथांबा उभा केला. २००८च्या सुमारास त्याच्या बातम्या जगभर आल्या. घरी जायचं म्हणून आश्रमाबाहेर पडणारी माणसं त्या थांब्यावर बसतात, बस येत नाही, थोड्या वेळाने कुणीतरी येऊन म्हणतं, बस उशिरा आहे, तोवर आत कॉफी घेऊ. तोवर घरी जायचं होतं हे विसरलेलं असतं. पूर्वी पोलिसांना शोधायला पाठवावं लागायचं, ते थांबलं. काय म्हणाल याला? मला तो थांबा वाईट वाटतो आणि त्याच वेळी हेही कळतं की रस्त्यावर गाडीखाली येण्यापेक्षा तो बरा. अणुव्रतात अशा बाकड्याला कुठे बसवायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड हे पूर्वी पाद्री होते. १९९७ साली त्यांचं पुस्तक आलं. रोगाइतकंच नुकसान आजूबाजूच्यांच्या वागण्याने होतं असं त्यांनी म्हटलं आणि अशा सतरा वागणुकींची यादी केली. फसवून काम काढून घेणं ही त्या यादीतली पहिली. पण २००६ साली न्यूकॅसलकडच्या अभ्यासात वृद्धाश्रमांतल्या ११२ कर्मचाऱ्यांना विचारलं तर शेकडा ९६ जणांनी सांगितलं, आम्ही खोटं बोलतो. शेवटी २०१६ साली तिथल्या मेंटल हेल्थ फाउंडेशनने या एकाच विषयावरच्या चौकशीचा अहवाल दिला, डिमेंशियात सत्य म्हणजे काय. निष्कर्ष साधारण असा की सुरुवात नेहमी सत्याच्या जवळून करावी, त्याने यातना होत असतील तर आधी त्यामागची गरज शोधावी, आणि निव्वळ आपली सोय म्हणून खोट्याचा आधार घेऊ नये. नणंदबाई आणि जाऊबाई यांना एका खोलीत बसवून सही घेतल्यासारखा हा निकाल आहे.

आपल्या देशात अभ्यासाची अडचण वेगळीच होती. विसरणं मोजायच्या परदेशी चाचणीत वाचायला, लिहायला आणि शंभरातून सात सात वजा करायला सांगतात. ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही ती यात नापासच होणार. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकन डॉक्टरांनी यासाठी हिंदी चाचणी तयार केली. १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. कितवी तारीख याच्याबरोबर सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ, हेही विचारायचं; गाव कुठलं, कुठल्या पोस्टात येतं, हे विचारायचं; ‘ना यह, ना वह’ एवढंच मागून म्हणायला सांगायचं. प्रश्न माणसाच्या आयुष्यातून घ्यायचा, हे फ्रँकफुर्टपासून पुढे पडलेलं पाऊल. शिवाय घरच्यांना विचारायचं, आधी ही काय काय करायची आणि आता काय करत नाही.

१९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय यांनी आपल्या देशातली या रोगासाठीची संस्था सुरू केली, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया. ते मुलांचे डॉक्टर. त्यांच्या वडिलांना हा रोग झाला होता. म्हणजे इथेही सुरुवात घरातूनच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढच्या शंभरांत सातांहून थोड्या जास्त लोकांना डिमेंशिया आहे, एकूण ८८ लाख. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. आणि माझ्यातल्या कॉमर्सवालीला झोप येऊ न देणारा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. २०१९ साली या रोगाचा जगावरचा खर्च १३०० अब्ज डॉलर, आणि त्यातला जवळजवळ अर्धा म्हणजे घरच्यांनी बिनपगारी केलेली सेवा. त्या सेवेतले शंभरातले सत्तर तास बायकांचे. खतावणीत ज्याचं पानच नाही असं हे खातं. कार्ल डेटरला निदान महिन्याचं बिल तरी दिसत होतं.

सांभाळणाऱ्या मैत्रिणींनी एक करावं असं मला वाटतं. अजून आठवण शाबूत असेल तोवर आपल्या घरच्या मोठ्यांकडून त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. आईचं नाव, माहेरचं गाव, दारातलं झाड, पहिली मैत्रीण, आवडीचं स्तवन. पुढे कधी प्रश्न यायला लागले तर ‘कसे होते हो ते?’ असं विचारायला या गोष्टी लागतात. आणि आपली स्वतःचीही अशी एक वही करून ठेवायला हरकत नाही. मी केली आहे. कपाटात डाव्या बाजूला, घरखर्चाच्या वह्यांच्या खाली. सुनेला जागा दाखवून ठेवली आहे.

शेवटी एका सिनेमाचं सांगते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ बघितला नसेल तर जरूर बघा. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे मोठे पंडित आहेत, विसरत चाललेले. रस्त्याने जाणाऱ्या हत्तीच्या मागे ते चालायला लागतात आणि हरवतात. घरचे शोधत फिरतात, आणि तिकडे माहुताची बायको या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते. ती भूमिका अमृता सुभाष यांनी केली आहे, त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या माहुताच्या बायकोला रोगाचं नाव माहीत नाही, म्हातारा कोण आहे हेही माहीत नाही. तो भुकेला आहे एवढं तिला दिसतं, आणि ती आधी त्याला जेवायला घालते.